कानलेसाठी दोन दिवस द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बोर्दो शहराच्या ‘कानले’ या पदार्थाची कृती छापून आली. फ्रान्सचा एक प्रांतिक पदार्थ मराठी वाचकांपुढे आला याचा आनंद आहे. पण छापलेल्या कृतीने कानले केले, तर दूध, अंडी आणि महागाची व्हॅनिला सगळेच वाया जाईल. मिश्रण फेटून लगेच सिलिकॉनच्या साच्यात ओतायचे, १८० अंशांवर ३५ मिनिटे ‘सोनेरी’ होईपर्यंत भाजायचे आणि साच्यातच गार होऊ द्यायचे, असे तीत म्हटले आहे. यातली प्रत्येक सूचना या पदार्थाच्या मुळावर येते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कानले म्हणजे पाच-साडेपाच सेंटिमीटरांचा, उभ्या पन्हळी असलेला, डोक्यावर किंचित खळगा असलेला छोटा केक. बाहेरून तो गडद तपकिरी, जवळजवळ शिसवी रंगाचा असतो आणि दातांखाली कडकन मोडतो. आतला गर पिवळा, ओलसर, जाळीदार असतो आणि त्याला रम-व्हॅनिलाचा वास असतो. साहित्य पाहिले तर त्यात नवल काहीच नाही. दूध, साखर, मैदा, अंडी आणि लोणी यांतून पातळ पॅनकेकही होतात. सारे मोल त्या दोनेक मिलिमीटर जाडीच्या कवचाचे आहे. ते कवच नीट जमले नाही, तर उरते ते साच्यात थापलेले गोड कस्टर्ड. बोर्दोत त्याला कोणी कानले म्हणणार नाही.

पहिली गोष्ट साच्याची. पारंपरिक साचा तांब्याचा असतो आणि त्याला आतून कथिलाची कल्हई केलेली असते. तांबे हौसेपोटी वापरत नाहीत. उष्णता वाहून नेण्याची तांब्याची क्षमता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन आहे, ॲल्युमिनियमची सुमारे २३५, तर सिलिकॉन रबराची ०.२च्या आसपास. तांब्याच्या साच्यात कडेचे मिश्रण झपाट्याने तापते, तिथले पाणी उडून जाते आणि साखर करपायच्या अलीकडे येऊन गडद होते. तोवर मधला भाग मऊच असतो. सिलिकॉनमध्ये मधला भाग शिजून जातो, तरी कड पिवळट आणि चिवटच राहते. रंग यावा म्हणून वेळ वाढवला, तर आतला ओलावा जातो. तांबे परवडत नसेल, तर जाड ॲल्युमिनियमचे पन्हळी साचे घ्यावेत. रंग थोडा कमी-जास्त येईल, पण पदार्थ कानलेच होईल.

कल्हईबाबत एक इशारा द्यायलाच हवा, कारण कृतींमध्ये तो क्वचितच दिसतो. कथिल २३२ अंशांना वितळते. त्यामुळे रिकामा साचा २०० अंशांपेक्षा जास्त तापलेल्या ओव्हनमध्ये कधीही ठेवू नये. कल्हईचे थेंब होऊन ती तळाशी गोळा होते. साच्यात गार मिश्रण असेल तर ओव्हन २४० अंशांवर असला तरी चालते, कारण मिश्रणातले पाणी धातूला तितके तापू देत नाही. कल्हई झिजून तांब्याची लाली दिसू लागली की साचा कल्हईवाल्याकडे द्यावा. हे काम आपल्याकडे नवे नाही. नवसागर, कथिल आणि कापसाचा बोळा हीच सामग्री, फक्त पन्हळींच्या खाचांत हात फिरवायला कसब लागते. कथिल शुद्ध आहे, त्यात शिसे मिसळलेले नाही, याची मात्र आधी खात्री करून घ्यावी. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. परदेशातून महागडे साचे मागवण्याआधी तिथे नमुना दाखवून विचारायला हरकत नाही.

नवा साचा एकदाच साबणाच्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा, आतून तुपाचा पातळ हात फिरवावा आणि १८० अंशांवर तासभर उपडा ठेवून तापवावा. असे दोन-तीनदा केले की आत एक गुळगुळीत थर धरतो. त्यानंतर साबण आणि घासणी वर्ज्य. प्रत्येक भाजणीनंतर साचा गरम असतानाच कापडाने पुसून घ्यावा. घासून लख्ख केलेल्या साच्याला पुढच्या खेपेस कानले चिकटतात आणि दोष मात्र कृतीला दिला जातो.

दुसरी गोष्ट मेणाची. आपल्या पुरवणीने ते ‘ऐच्छिक’ ठरवले आहे. मधमाश्यांचे मेण साच्याला अतिशय पातळ, अखंड लेप देते. त्यामुळे कवचाला चकाकी येते, कुरकुरीतपणा येतो आणि मधाचा अगदी मंद वास लागतो. नुसते लोणी लावले तर त्यातले दुधाचे कण जळून चिकटतात. ३० ग्रॅम मेण आणि ३० ग्रॅम साजूक तूप एकत्र वितळवावे; फ्रान्समध्ये मेणासोबत वितळवून निवळलेले लोणी घेतात, त्याच जागी आपले तूप चपखल बसते. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि ते पेट घेणारे आहे. म्हणून भांडे थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवावे. मेणबत्तीचे मेण बहुधा पॅराफिन असते, ते घेऊ नये. खाद्य दर्जाचे मेण मध विकणाऱ्यांकडे चौकशी केली की मिळते. उरलेले मेण बेसिनमध्ये ओतले, तर नळी हमखास तुंबते.

लेप देताना साचा गरम हवा. साचे १०० अंशांवर दहा मिनिटे तापवावेत, पहिल्या साच्यात लेप काठोकाठ ओतावा, लगेच तो दुसऱ्यात रिता करावा आणि पहिला साचा जाळीवर उपडा घालावा. असे ओळीने करत जावे. साचा गार असेल तर मेण जाड बसते, मग कानले खाताना दातांना मेणकट चिकटते. थर नखाने खरवडता येईल इतका जाड दिसला, तर साचा पुन्हा तापवून निथळावा. तळाशी तुपाचे थारोळे राहता कामा नये. त्याचे कारण पुढे येईल. लेप दिलेले साचे थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावेत.

आता मिश्रण. पंधरा-सोळा मोठ्या कानलेंसाठी दूध ५०० मिली, साखर २५० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, मीठ न घातलेले लोणी ५० ग्रॅम, दोन अख्खी अंडी आणि वर दोन पिवळे बलक, गडद रम ५० मिली, व्हॅनिलाची एक शेंग, चिमूटभर मीठ. हे प्रमाण गाईच्या साडेतीन टक्के स्निग्धांशाच्या दुधासाठी आहे. सहा टक्क्यांचे फुल क्रीम दूध घेतले, तर लोणी ३५ ग्रॅमवर आणावे. साखर पाहून हात आखडू नये. आपल्याकडे ‘फार गोड होईल’ म्हणून ती सर्रास कमी केली जाते, पण कवच साखरेचेच बनते. १८० ग्रॅम घातली की रंगही येत नाही आणि कडकपणाही. मैदा मात्र वाढवू नये, नाहीतर आतला गर पाववजा घट्ट होतो.

शेंग चिरून तिच्या बिया आणि साल दुधात टाकावी, लोणी घालून दूध उकळीच्या जवळ आणावे आणि झाकून ठेवावे. दुसऱ्या भांड्यात मैदा, साखर, मीठ कोरडेच एकत्र करावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दूध ५० ते ५५ अंशांपर्यंत उतरले की अंडी आणि बलक मैद्यात घालून त्यावर दूध थोडे थोडे ओतावे. दूध याहून कढत असेल, तर मैद्यातला स्टार्च तिथेच फुगतो, मिश्रण दाट होते आणि भाजताना नीट उकळत नाही. ढवळताना चमचा किंवा व्हिस्क तळाला टेकवून गोल फिरवावा, फेटू नये. बीटर आणि मिक्सरचे तर नावच नको. फेटल्याने हवा शिरते आणि मैद्याला ताण येतो. मिश्रण गाळून घ्यावे, गार झाले की रम घालावी, शेंगेची साल परत त्यात टाकावी आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवावे.

किती वेळ? कमीत कमी २४ तास, शक्य असेल तर ४८. कानले फसण्यामागे साच्यानंतर सगळ्यात मोठे कारण हेच असते. लोणच्यासारखे हे मिश्रण मुरावे लागते. या काळात मैद्याचा कण न् कण दूध पितो, मिसळताना आलेला ताण उतरतो, अडकलेली हवा वर येऊन निघून जाते आणि साखर पूर्ण विरघळते. न मुरलेले मिश्रण ओव्हनमध्ये साच्याबाहेर उसळते, छत्रीसारखे पसरते आणि तळ सोडते. भाजायच्या वेळी वर तरंगलेले लोणी हलक्या हाताने मिसळून घ्यावे आणि मिश्रण थंडच ओतावे. साचा काठापासून साधारण एक सेंटिमीटर रिकामा ठेवावा; मोठ्या साच्यात ६५ ते ७० ग्रॅम मिश्रण बसते.

भाजणी दोन टप्प्यांत करायची असते. ओव्हन २४० अंशांवर नीट तापू द्यावा, साचे आत गेल्यावर दहा-बारा मिनिटांनी आच १८५ ते १९० अंशांवर आणावी आणि आणखी ४५ ते ५० मिनिटे भाजावे. पहिल्या आचेत कडेला पापुद्रा धरतो, पुढच्या लांब भाजणीत तो जाड आणि गडद होतो. घरच्या ओटीजीला वरची धग जास्त आणि खालची कमी मिळते. जाड बिडाचा तवा आधीपासून आत तापत ठेवून साचे त्यावर ठेवले, तर ही उणीव बरीच भरून निघते. साच्यांमध्ये दोन-दोन बोटे अंतर हवे, नाहीतर मधल्यांना रंग येत नाही.

भाजताना मिश्रण काठाच्या वर येते आणि नंतर आपोआप बसते. एखादा सेंटिमीटर वर आले तर घाबरू नये. त्याहून जास्त उसळून डुलायला लागले, तर साचा मिनिट-दोन मिनिटे बाहेर काढावा, खाली बसला की परत आत. बसलाच नाही, तर तळ पांढरा राहणार. कानलेमधला हा सगळ्यात सर्रास दोष आहे. भाजताना जो साच्याचा तळ असतो, तोच उपडा केल्यावर कानलेचा माथा होतो. मिश्रण वर उचलले गेले आणि तळाच्या तांब्यापासून सुटले, की मधे वाफेचा थर राहतो आणि माथ्यावर फिकट टिकली उमटते. याची कारणे ठरलेली आहेत. मिश्रण मुरले नाही, फेटताना हवा गेली, तळाशी तुपाचे थारोळे राहिले, किंवा खालून धग कमी पडली. यांतले कोणते ते ओळखायचे तर सगळ्या साच्यांकडे एकत्र पाहावे. सगळेच पांढरे निघाले तर दोष मिश्रणात किंवा ओव्हनमध्ये आहे. एक-दोनच निघाले तर लेपात.

बाहेर काढल्यावर कुशी आत ओढल्या गेल्या, कमरेत चेपल्यासारखे दिसले, तर भाजणी अपुरी झाली. आतली वाफ विरली आणि कवचाला स्वतःचा भार पेलवला नाही. आत मोठी पोकळी निघाली, तर हवा शिरली होती किंवा पहिली आच फार वेळ राहिली. वेळ संपत आली की एक साचा काढून उपडा करून पाहावा. रंग सोनेरी दिसला तर तो कच्चा आहे, तसाच परत साच्यात घालून भाजावा. सोनेरी रंगाला पोहोचून थांबणे, हे आपल्याकडच्या छापील कृतींचे ठरून गेलेले वळण आहे. कानलेत मात्र त्यापुढची वीसेक मिनिटेच खरे काम करतात.

साच्यातून काढायला अजिबात उशीर करू नये. मेण गार झाले की ते पुन्हा घट्ट होते आणि कानले साच्याला धरून बसतो. ओव्हनमधून काढताच साचा जाड कापडात धरावा, ओट्यावर एकदा आपटावा आणि जाळीवर उपडा करावा. या क्षणी तो मऊ लागेल. साखर गार होताना कडक होते, त्यामुळे खरा कानले तासाभराने तयार होतो. त्यानंतरचे चार-पाच तास तो उत्तम असतो. मग आतला ओलावा कवचात शिरू लागतो आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत हे आणखी लवकर घडते. दुसऱ्या दिवशी २०० अंशांवर पाच मिनिटे तापवून पंधरा मिनिटे गार केला, तर कुरकुरीतपणा बराचसा परततो. फ्रीजमध्ये तो रबरासारखा होतो आणि मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण कामातून जातो.

पुरवणीत या पदार्थाचा इतिहास ‘जोगिणींनी शोधला’ एवढ्या एका वाक्यात दिला आहे. बोर्दोच्या आनोन्सियाद मठातल्या जोगिणींची ती आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून छापू नये. नोंद सापडते ती ‘कानोलिये’ नावाच्या कारागिरांच्या संघाची. या संघाने १६६३ साली बोर्दोच्या पार्लमां या न्यायपीठाकडे आपले नियम नोंदवले होते. ते मैदा आणि अंड्याच्या बलकांचे एक प्रकारचे पाव करत. दूध-साखर वापरण्याचा हक्क पेस्ट्री करणाऱ्यांच्या संघाकडे होता आणि त्यावरून दोन्ही संघांत वाद चालला. म्हणजे त्यांचा पदार्थ आजच्या कानलेचा पूर्वज असेलही, पण तो आजचा कानले नव्हता. बलकांची उपलब्धता मात्र बोर्दोच्या धंद्यातूनच समजते. तिथे लाल वाइन निवळवायला पिंपात पांढरा बलक घालतात. त्यातली प्रथिने तुरट टॅनिनला धरून तळाशी बसतात. २२५ लिटरच्या एका पिंपाला तीन ते सहा अंडी लागतात आणि पिवळे बलक उरतात. रम, साखर, व्हॅनिला बंदरातून आली. या बंदराची भरभराट कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमांवर झाली होती, हेही इतिहास सांगताना गाळू नये. कानलेच्या संवर्धनासाठी बोर्दोत १९८५ साली ‘कॉन्फ्रेरी’, म्हणजे या पदार्थाचे मंडळ, स्थापन झाले.

आज बोर्दोत बायार्द्रां या १९८८ पासूनच्या पेढीची दुकाने आहेत, सँ-जाँ रेल्वे स्थानकातही. ‘ला तोक क्विव्रे’ नावाची दुसरी साखळी त्याहून स्वस्तात विकते. मोठा, मधला आणि एका घासाचा अशा आकारांत कानले मिळतात. त्यातला मोठा घ्यावा. एका घासाच्या कानलेत कवच भरपूर आणि गर नावापुरता असतो. काउंटरवर नेहमी जास्त भाजलेला मागावा, ‘बियँ क्वी’ म्हटले की विक्रेता समजतो. फिकट कानले डबा भरून घरी नेण्यात अर्थ नाही. आपल्या वाचकांपैकी जे तिकडे जातील, त्यांनी परतीच्या विमानासाठी घेतलेच, तर कागदी खोक्यात घ्यावेत. हवाबंद डब्यात ते काही तासांत मऊ पडतात.

पुण्या-मुंबईतही आता काही ठिकाणी कानले विकले जातात. तिथे पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. माथ्यावर फिकट टिकली आहे का, पन्हळींच्या कडा स्पष्ट आहेत का, आणि काचेच्या गार कपाटात तर ठेवलेले नाहीत ना. कधी भाजले, हे थेट विचारावे. चांगला दुकानदार वेळ सांगतो. किंमत जास्त असते ती उगाच नाही. दोन दिवस मुरवण, साच्याला एकेक करून लेप आणि तासभर ओव्हन अडवून फक्त साच्यांच्या संख्येइतकाच माल निघतो. पण ते कष्ट न घेता सिलिकॉनमध्ये फिकट भाजलेला किंवा बिनअंड्याचा गोळा त्याच नावाने आणि त्याच दराने विकणे गैर आहे. बिनअंड्याचा पदार्थ जरूर करावा, त्याला गिऱ्हाईकही आहे, पण त्याला वेगळे नाव द्यावे. बलकाशिवाय तो गर तयारच होत नाही.

आणखी एक मुद्दा इथल्या दुकानदारांसाठी. अंडी असल्यामुळे वेष्टनावर तपकिरी त्रिकोणाचे चिन्ह लागतेच. मधमाश्यांचे मेण मात्र आपल्या नियमांत मांसाहारात धरलेले नाही, म्हणून चिन्हावरून ते गिऱ्हाइकाला कळत नाही आणि रमचाही त्या चिन्हावरून पत्ता लागत नाही. मध वर्ज्य मानणारी आणि मद्याचा थेंबही न चालणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. सुटा माल विकतानाही काउंटरवर ‘यात अंडी, रम आणि मधमाश्यांचे मेण आहे’ अशी मराठीत पाटी लावावी, ही विनंती.

आपला,
एक बेकरी व्यावसायिक, पुणे